जागा आषाढात बघा, मग बोला

आम्ही डोंबिवली सोडून पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहायला आलो ते २००७ च्या जूनमध्ये. तेव्हापासून दर मे महिन्यात आणि दर दिवाळीनंतर कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "ताई, तुमच्याकडे एखादा तुकडा बघा ना, रिटायर झाल्यावर तिकडेच यायचंय." मी सगळ्यांना एकच सांगते. आषाढात या. जागा तेव्हा बघा.

मे महिन्यात एजंट तुम्हाला संध्याकाळी साडेपाचला नेतो. वारा सुटलेला असतो, समोर जोतिबाचा डोंगर, उत्तरेला वारणेचं खोरं, करवंदांच्या जाळ्या लगडलेल्या. त्या वेळी कुणीही विसार देऊन मोकळा होईल. तीच जागा जुलैत बघा. सलग आठ-आठ दिवस धुकं उठत नाही, फाटक दहा पावलांवर असलं तरी दिसत नाही. ज्याला एजंट 'रस्ता' म्हणाला होता तो ओढा झालेला असतो. तुमच्या नियोजित स्वयंपाकघरातून वरच्या शेताचं पाणी खळाळत जात असतं. हे सगळं डोळ्यांनी बघून मन तयार झालं, तर ती जागा तुमची.

आधी वर घ्यायची की खाली, ते ठरवा. वर म्हणजे गडावर. पन्हाळा हा सुमारे तीन हजार फुटांवरचा वस्तीचा गड आहे. गिरिस्थान नगरपरिषद आहे आणि लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. बाराव्या शतकात शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधलेला, शिवरायांनी १६५९ मध्ये घेतलेला आणि १६६० च्या वेढ्याने महाराष्ट्राच्या मनात कायमचा बसलेला. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी यांच्या शेजारी घर असावं असं कुणाला वाटणार नाही? पण तो संरक्षित आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती सांगते की संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय वीटही ठेवायची नाही. जुन्या घराची दुरुस्ती करायची तर ते १६ जून १९९२ च्या आधीचं असल्याचा पुरावा लागतो, आणि दुरुस्तीलाही परवानगी लागतेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळाही आहे. आम्हाला याचा अभिमान आहे. मात्र 'वारसा झाला, आता भाव दुप्पट होणार' असं सांगून गडावरचं पडकं घर गळ्यात मारणारे आले, तर त्यांच्याकडे आधी परवानगीचा कागद मागा.

खाली म्हणजे बुधवार पेठ आणि वाघबीळच्या आसपासची, मसाई पठाराकडे जाणारी गावं. इथं जागा मिळते आणि फसवणूकही इथंच होते, म्हणून कागदांबद्दल जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा : आपण शेतकरी आहोत का? कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. ह्यांच्या वडिलांचा सातबारा देवरुखजवळचा होता, म्हणून आमचं भागलं. तुमच्याकडे तसं काही नसेल तर बिगरशेती झालेला प्लॉट किंवा गावठाणातलं घर, हे दोनच सरळ मार्ग आहेत. "शेतकरी दाखला करून देतो, तेवढे पैसे वेगळे" असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठा. खोट्या दाखल्यावर झालेली खरेदी दहा वर्षांनीही उलटते, आणि तोवर तुम्ही झाडं लावलेली असतात.

दुसरी गोष्ट गुंठ्यांची. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. फार्महाऊसच्या नावाखाली दोन गुंठे, तीन गुंठे विकतात आणि एकाच सातबाऱ्यावर वीस नावं चढवून देतो म्हणतात. अशा ठिकाणी तुमचा तुकडा कुठला हे कागद सांगतच नाही. सगळे सामाईक मालक, हद्द फक्त चुन्याच्या फक्कीची. शेतजमिनीसाठी जिरायत वीस गुंठे आणि बागायत दहा गुंठे हे तुकडेबंदीचं माप ध्यानात ठेवा, त्याहून लहान तुकडा कायद्यात बसत नाही. शहरी हद्दीतल्या तुकड्यांसाठी अलीकडे सवलती आल्या आहेत, पण आपला तुकडा त्यात बसतो का, हे कुणाच्या तोंडी शब्दावर ठरवू नका.

सातबारा हातात आला की लोक क्षेत्र बघतात आणि घडी घालतात. 'इतर हक्क' वाचा. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं असतं. भोगवटादार वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री नाही. 'देवस्थान इनाम' असेल तर विषय तिथेच संपवा. आपला हा भाग देवांचा आहे. जोतिबाच्या आणि इतर देवळांच्या नावावर जमिनी आहेत, त्या पिढ्यान् पिढ्या गुरव-पुजारी कसतात, आणि कसणारा माणूस अगदी खऱ्या मनाने "आमचीच हाय की" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, पण ती जमीन विकायचा अधिकार त्याला नसतो.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवतात. तो कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन जिथे मालमत्ता पत्रकं आली आहेत, तिथं ते पत्रक मागा.

आमचा पहिला व्यवहार मोडला, तो सांगते. २००६ मध्ये आम्ही दोन भावांकडून बावीस गुंठे ठरवले. सातबाऱ्यावर दोघांचीच नावं होती, विसार दिला, पेढे वाटले. पंधरा दिवसांनी त्यांची बहीण थेट आम्ही उतरलो होतो तिथं आली. हातात लहान मूल होतं. म्हणाली, "वैनी, माझ्या बापाची जमीन हाय. मला कुणी इचारलं नाही." वारस नोंद करताना तिचं नाव कुणी लावलंच नव्हतं. मुलींच्या हक्काची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि गावात ती कुणाला माहीत नव्हती की माहीत करून घ्यायची नव्हती, कोण जाणे. आम्ही माघार घेतली. विसार हप्त्याहप्त्याने चौदा महिन्यांनी परत मिळाला. म्हणून सांगते, तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा, वंशावळ समोर बसून लिहून घ्या, आणि बहिणींची हक्कसोडपत्रं असतील तर त्या बहिणींना एकदा स्वतः भेटा. त्यांना काय मिळालं हे विचारायला लाजू नका. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि कोल्हापुरातल्या दोन दैनिकांत जाहीर नोटीस, एवढं झाल्याशिवाय मोठी रक्कम हलवू नका. स्वतःच्या खर्चाने का होईना, भूमी अभिलेखकडून मोजणी करून तिच्या नकाशाची 'क' प्रत घ्या. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. आणि राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो. पैसे वाचतात म्हणून तरी घ्या, पण घ्या.

रस्त्याचंही तसंच. जागेला जाणारी वाट नकाशावर आहे का, की शेजाऱ्याच्या भलेपणावर आहे? आणि उलटही बघा : तुमच्या जागेतून गावाची पाणंद जात असेल तर ती तारा मारून बंद करू नका. आमच्या वरच्या बाजूला एका कुटुंबाने आल्या आल्या कंपाऊंड घातलं. गुरं चार शेतं वळसा घालून जाऊ लागली. त्या घराला पुढे गवंडी मिळेना, दूधवाला येईना.

आता डोंगराचं. माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण, आणि मध्ये चिकण थर. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं आणि त्या थरावर येऊन आडवं बाहेर पडतं, तेच आपले झरे. बारमाही झऱ्याजवळची जागा म्हणजे भाग्य. पण त्याच उतारावर जेसीबी लावून घरासाठी पायरी कापली की डोंगराचा पायच काढून घेतल्यासारखं होतं. २०१४ चं माळीण आणि २०२३ ची इर्शाळवाडी आठवा. उतार कापायचा मोह आवरा, चौथरा उंच घ्या, आणि पाण्याला त्याची जुनी वाट ठेवा. मथळ्यात आषाढ लिहिलाय तो यासाठीच. ती वाट उन्हाळ्यात दिसत नाही.

घर बांधाल तेव्हा पश्चिमेची भिंत जपा. सगळी झड तिकडून येते. तिकडे पडवी ठेवा, मोठ्या काचा पूर्वेला लावा. छप्पर उतरतं हवं. सपाट स्लॅब तिसऱ्या पावसात गळतो आणि मग त्याच्यावर पत्रा चढवावाच लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत, चपलांवर बुरशी येते, वीज दोन-दोन दिवस नसते. आणि एप्रिल-मे मध्ये पाणी नसतं, हे कुणाला पटत नाही. माथ्यावर बोअरला पाणी लागेलच असं नाही. आम्ही छपराचं पाणी साठवायला दहा हजार लिटरची टाकी बांधली. परत बांधली तर दुप्पट बांधू.

जुलैत कोल्हापूरकर एकमेकांना विचारतात, "फूट किती?" म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. रेडेडोह फुटला, म्हणजे त्या डोहाजवळ नदी पात्राबाहेर आली, की शिवाजी पुलापलीकडे आंबेवाडी-केर्लीच्या पट्ट्यात रस्ता पाण्याखाली, आणि पन्हाळा शहरापासून तुटतो. २०१९ ला झालं, २०२१ ला झालं. २०२१ मध्ये तर गडावर जाणारा रस्ताही खचला. तेव्हा मृग निघाला की घरात एक महिन्याची औषधं, पंधरा दिवसांचा शिधा आणि दोन सिलिंडर ठेवा. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मोठं रुग्णालय कोल्हापुरातच आहे, हे धरून विचार करा. डोंगरावर राहायची हौस आपली असते, त्याचा त्रास आईवडिलांना होऊ नये.

गवे येतात. गाडीसमोर आला तर हॉर्न नाही, दिवे मंद करून थांबा, तो जाईल. बिबट्याही आहे, म्हणून कुत्रं रात्री घरात.

इतकं सगळं ऐकवल्यावर लोक विचारतात, मग राहता कशाला? सांगते. बेंदराला शेजारचे बैल रंगवलेली शिंगं घेऊन दारात येतात आणि आपण त्यांच्या पायावर पाणी घालतो. पहिल्या पावसानंतर शेजारच्या आक्का कुर्डू आणि भारंगी खुडून आणतात, कशी करायची ते सांगतात, आणि जाताना म्हणतात, "येतो मी, वैनी." इथल्या बायका 'येतो, जातो' म्हणतात, पहिल्या वर्षी मला ते चुकल्यासारखं वाटायचं, आता माझी मुलगी फोनवर तसंच बोलते. जुलैच्या बारा-तेरा तारखेला पावसात हजारो पोरं गडावरून पावनखिंडीकडे चालत निघतात, त्यांच्यासाठी गाव चहा ठेवतं. गौरी गेल्या की मसाई पठार फुलतं. तिथं पायवाटेवरूनच चाला, गाडी पठारावर घालू नका, एवढी हात जोडून विनंती. थंडीत गुऱ्हाळं लागतात. कढई उतरायच्या वेळी हातात पळसाचं पान घेऊन उभं राहा, कुणी नाही म्हणत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या सासनकाठ्या निघतात आणि आमच्या अंगणापर्यंत गुलाल उडून येतो. त्या दोन दिवसांत गाडी बाहेर काढू नका, चालत जा, चांगभलं म्हणा. मग करवंदं, जांभळं, आणि एखाद्या दुपारी अचानक वळीव. आम्ही सगळी कामं टाकून पडवीत बसतो.

घाई करू नका. आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने राहा. वर्षभरात गाव तुम्हाला ओळखतं आणि मग जागा एजंटकडून नाही, दुधाच्या डेअरीवरून कळते. वास्तुशांतीला फक्त मुंबईचे पाहुणे बोलावू नका, गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगा. आणि कुणी दारातून "जेवलासा का?" विचारलं तर ते नुसतं विचारणं नसतं, ताट वाढलेलं असतं.

यंदा यायचं असेल तर आषाढी एकादशी झाल्यावर या. निघण्याआधी बंधाऱ्याची पातळी विचारा. ३९ च्या खाली असेल तर शिवाजी पुलावरून सरळ वाघबीळ गाठा. छत्री आणू नका, इथल्या वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट आणि गमबूट आणा. दोन जागा मी बघून ठेवल्या आहेत, पाणी कुठून येतं ते दोघी-तिघं मिळून चालतच बघू.