गोळीचा साचा मागवण्याआधी

बंदुकीच्या गोळ्या घरीच शिशातून ओतायच्या असतील, तर साचा सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी नळी मोजायची, मग हाताशी शिसं कोणतं आहे ते बघायचं, गोळीला वंगण लावायचं की पावडर कोट (भाजून चिकटवलेला रंगाच्या भुकटीचा थर) करायचं हे ठरवायचं, आणि मगच साच्याच्या नंबराकडे वळायचं. हा क्रम उलटा झाला की चांगला साचाही पडून राहतो, नाहीतर नळीत शिशाचा थर बसवतो.

हे अमेरिकेत राहणाऱ्या नेमबाजांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी घरी गोळ्या ओतायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायच्या असतील तर लागतो. आपल्या राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे तपासा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही घेतली आहे. तेव्हा सुट्टीवर येताना साचा सामानात ठेवायचा विचारसुद्धा नको.

आता नळी. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी काढून साफ करा. मासेमारीच्या मऊ शिशाचं नळीपेक्षा किंचित जाड वजन तेलात बुडवून पितळी सळईने आरपार ढकला. लाकडी काठी चिरते आणि आत अडकते, ती नको. बाहेर आलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजा. इथे साध्या कॅलिपरवर भागत नाही, कारण सगळा खेळ इंचाच्या हजाराव्या भागाचा आहे. ओतीव गोळी नळीत आतून कोरलेल्या खाचांच्या मापापेक्षा, म्हणजे त्या तुकड्याच्या सर्वात जाड मापापेक्षा, ०.००१ इंच जाड हवी. .४५ एसीपी काडतुसाच्या पिस्तुलाची नळी बहुधा ०.४५१ भरते, म्हणून गोळी ०.४५२. नऊ मिलिमीटरमध्ये मात्र छापील मापावर विसंबू नका. ०.३५५ ते ०.३५७ काहीही निघतं, आणि ०.३५६ ची गोळी ०.३५७ च्या नळीतून गेली की बाजूने निसटणारा तप्त वायू तिची कड वितळवतो. शिसं साचण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. लोक मात्र दोष मऊ शिशाला देतात.

रिव्हॉल्व्हर असेल तर सिलेंडरच्या प्रत्येक घराचं पुढचं तोंड पिन गेजने (ठरावीक जाडीच्या मोजसळयांनी) तपासा आणि गोळी त्या मापाची ठेवा. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या बऱ्याच नळ्यांत खाचा पाच असतात, म्हणजे खाचेसमोर खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर माप कमी दाखवतो. तिथे व्ही-आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. जुन्या ग्लॉक पिस्तुलाच्या बहुकोनी नळीसाठी साचा घेऊच नका. उघड्या शिशाच्या गोळ्या वापरायला कंपनीच मनाई करते.

शिशाचा परिणाम थेट साच्याच्या मापावर होतो. साच्यावरचं वजन आणि व्यास ठरावीक मिश्रधातू गृहीत धरून दिलेले असतात. उदाहरणार्थ, लायमन या साचे बनवणाऱ्या कंपनीचा 'क्रमांक २' मिश्रधातू: ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी. त्याच साच्यात निव्वळ शिसं ओतलं तर गोळी जड पण व्यासाने बारीक पडते, कारण थंड होताना ते जास्त आकसतं. चाकांची जुनी वजनं वितळवणार असाल तर जस्ताची आधी वेगळी काढा. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ ला. भांडं त्या दोहोंच्या मध्ये राहिलं तर चुकून आलेलं जस्त वर तरंगतं आणि पळीने काढता येतं. एकदा ते मिसळलं की साचा नीट भरत नाही.

गोळीचं वजन निवडताना रीलोडिंगचं (घरी काडतुसं भरण्याचं) छापील पुस्तक समोर ठेवा. ज्या वजनाची आणि आकाराची माहिती त्यात नाही, तो साचा घ्यायचा नाही. ली कंपनीच्या साच्याचा नंबर सरळ वाचता येतो: ४५२-२३०-टीसी म्हणजे व्यास, वजन, चपट्या टोकाचा शंकू. लायमनच्या नंबराच्या सहा आकड्यांत पहिले तीन व्यासाचे, उरलेले रचनेचे. वजन वेगळं शोधावं लागतं. पावडर कोट करणार असाल तर वंगणाच्या खाचा नसलेला साचा बघा, आणि कोटने व्यास ०.००१ ते ०.००२ इंच वाढतो हे हिशोबात धरा. साच्यातून पडणारी गोळी अंतिम मापापेक्षा फार तर ०.००३ जाड असावी. त्याहून जास्त दाबून बारीक केली की ती बिघडते.

पहिला साचा ॲल्युमिनियमचा, दोन घरांचा (एका वेळी दोन गोळ्यांचा) पुरे. तो लवकर तापतो, गंजत नाही आणि लीचा असेल तर मुठींसकट येतो. लोखंडी साचा उष्णता छान धरतो, पण मनगट दुखवतो आणि तेल न लावता ठेवला तर गंजतो. सहा घरांच्या साच्याचा मोह आवरा. २३० ग्रेनच्या सहा गोळ्या म्हणजे एका ओतीत १,३८० ग्रेन. पौंडात ग्रेन ७,०००, म्हणजे पाच ओतींत पौंड संपला. भांडं २० पौंडांचं नसेल तर तापमान सारखं खाली-वर होत राहतं.

साचा हातात आल्यावर बंद करून उजेडासमोर धरा. जोडातून प्रकाश दिसला तर परत करा. वरची कापणारी पट्टी सपाट हवी, ना घट्ट ना लुळी. कारखान्यातलं तेल भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने काढा, पूर्ण वाळवा. ओलसर पळी किंवा ओली लगड वितळलेल्या शिशात गेली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. चेहऱ्यावर ढाल, लांब बाह्या, चामडी हातमोजे आणि हवेशीर जागा यांशिवाय भांडं पेटवू नका. स्वयंपाकघर तर नाहीच. वरची मळी आणि तिची धूळ पोटात जाते, म्हणून तिथे खाणंपिणं बंद, काम झाल्यावर हात आणि कपडे वेगळे धुवा, मुलांना लांब ठेवा, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या.

पहिल्या गोळ्यांवर सुरकुत्या दिसल्या तर साचा थंड आहे किंवा तेल राहिलंय. साऱ्या अंगावर पांढुरकी छटा आली तर साचा जास्त तापलाय. नितळ गोळ्या पडू लागल्या की थंड करून जोडावर आणि त्याच्या काटकोनात अशा दोन्ही बाजूंनी मोजा. ०.००१ पेक्षा जास्त फरक आला तर साचा नीट मिटत नाहीये. आधी दोन तुकड्यांच्या मधे शिशाचा कण अडकलाय का बघा. मग दारू आणि प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) न घालता एक नमुना काडतूस बनवा आणि सुट्या नळीत टाका. ते टक्कन बसून, नळी उलटी केल्यावर आपोआप पडलं पाहिजे. अडकलं तर गोळी थोडी खोल बसवून बघा, मात्र पुस्तकातल्या किमान लांबीच्या खाली जाऊ नका, कारण जागा कमी झाली की दाब वाढतो. तेवढ्यानेही बसलं नाही, तर तो आकार त्या नळीचा नाही; दुसऱ्या टोकाचा साचा बघा.