वनरक्षक भरती: पळायची तयारी सगळेच करतात, चालायचीही करा

वनरक्षकाची जाहिरात येणार अशी कुणकुण लागली की पहाटे साडेपाचला नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पोरं दिसायला लागतात. सगळी पळत असतात. चालतात ते फक्त पेन्शनर काका. आणि भरतीत शेवटी चालायचंच असतं. पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, महिलांना चार तासांत १६. त्याला गुण नाहीत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मीही घेतलं नव्हतं. लेखी निघाली, पळणं निघालं, यादीत नाव आलं, आणि चार तास संपले तेव्हा मी रस्त्यावरच होतो. त्यामुळे खाली चालणं पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

आधी अर्ज कुठे करायचा ते. 'मला राष्ट्रीय उद्यानात काम करायचंय' म्हणणारे दर भरतीला भेटतात. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. नाशिक जिल्ह्यात एकही नाही. जंगलात रोज पायी फिरणारा माणूस म्हणजे वनरक्षक, आणि त्याची भरती वनवृत्तानुसार, म्हणजे वनविभागाच्या प्रादेशिक विभागानुसार, होते. २०२३ च्या भरतीत एका उमेदवाराला एकाच वृत्तात अर्ज करायचा होता. ताडोबाचं वेड असेल तर चंद्रपूर वृत्त बघा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाशिक वृत्त भरलंत तर नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी आहेत, बोरगड आहे, येवल्याकडे ममदापूरची काळविटं आहेत. पण बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो तो निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसातला बिबट्या. वासरू मारलं की पंचनाम्याला जाणारा वनरक्षकच, उन्हाळ्यात वणव्यामागे धावणारा तोच, अतिक्रमण हटवताना गावाच्या शिव्या खाणारा तोच. पक्ष्यांचे फोटो काढायला मिळतील म्हणून येत असाल तर आत्ताच थांबा, अर्जाचं शुल्क तरी वाचेल. २०२३ ला ते खुल्या प्रवर्गाला १००० आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये होतं. दोन वृत्तांत दोन अर्ज टाकून बघू, असला शहाणपणा करू नका.

पात्रतेत एकच मेख आहे. नुसती बारावी पुरत नाही. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो. कॉमर्सवाल्यांचं अर्थशास्त्रावर भागतं. कला शाखेच्या पोरांनी गुणपत्रिका काढून डोळ्यांनी बघावी, 'भूगोल होता बहुतेक' यावर जाऊ नये. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीवर अर्ज करता येतो. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्यांनी पेसाच्या (अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या) जागांचा रकाना नीट वाचायचा, त्या वेगळ्या मोजतात. वय २०२३ ला खुल्यासाठी १८ ते २७, मागासवर्गीयांसाठी ३२ पर्यंत. उंची पुरुष १६३ सेंटिमीटर, महिला १५०, जमातीसाठी १५२.५ आणि १४५. उंची घरी भिंतीला टाच लावून, अनवाणी आणि संध्याकाळी मोजा. दिवसभर उभं राहून माणूस थोडा आखडतो, आणि तुमचा नंबर दुपारनंतर लागला तर सकाळचा अर्धा सेंटिमीटर कोणी देत नाही. पुरुषांची छाती ७९, फुगवून पाच जास्त. हा पाचचा फरक बऱ्याच सडपातळ पोरांना नडतो, श्वास भरून धरायचा सराव करा. हे आणि पुढचे आकडे प्रत्येक जाहिरातीत स्वतः तपासा, माझ्यावर विसंबू नका.

आता कागदपत्रं. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, असेल तर वैधता. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसते ती नॉन-क्रिमीलेअरची तारीख. दाखला आहे म्हणून पोरं निवांत बसतात. खाली शेवटच्या ओळीत 'अमुक साल ३१ मार्चपर्यंत वैध' लिहिलेलं असतं ते वाचतच नाहीत. जाहिरातीत दिलेल्या तारखेला तो दाखला चालू असावा लागतो, नंतर काढलेला दाखवून वाद घालता येत नाही. २०२३ ला अर्ज जूनमध्ये होते, आणि जूनमध्ये सेतू केंद्रात काय चालतं ते नाशिककरांना सांगायला नको: दहावी-बारावीची अख्खी पोरं तिथेच, सर्व्हर बंद, टोकन संपलेलं. एप्रिल लागला की नवीन उत्पन्नाचा दाखला काढायचा आणि लगेच नॉन-क्रिमीलेअर. खुल्या प्रवर्गातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी हा दाखला लागत नाही, ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने ती अट गेली. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गातल्या मुलींना मात्र लागतो, तिथे गोंधळ करू नका. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र नमुना 'अ' मध्ये. आणि सेतूत, तहसीलला, झेरॉक्सला जायला गाडी काढू नका. चालत जा. गंमत म्हणून म्हणत नाहीये.

लेखीची फार चिंता करू नका, अभ्यासिकेत बसणाऱ्याला ती निघते. ६० प्रश्न, १२० गुण. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी, प्रत्येकी पंधरा प्रश्न. पात्र व्हायला ४५ टक्के, पण ५४ गुणांवर यादीत नाव लागेल असं समजणं भाबडेपणाचं आहे. सामान्य ज्ञानात जंगलाचं आपलं आपल्याला यावं: शेकरू, हरियाल, ताम्हण, ब्लू मॉरमॉन फुलपाखरू ही राज्याची मानचिन्हं, नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ), २०२० ला जाहीर झालेलं, भारतीय वन अधिनियम १९२७, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, वन संवर्धन १९८०, वनहक्क २००६. नांदूरमध्यमेश्वर नुसतं पाठ करण्यापेक्षा एकदा चापडगावला जाऊन मनोऱ्यावर उभे राहा. गोदावरी आणि कादवा कुठे मिळतात, बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ कशी झाली, हे बघितलं की विसरत नाही. इंग्रजीला घाबरून ते पंधरा प्रश्न सोडून देणारे खूप आहेत, तुम्ही त्यातले होऊ नका.

पळणं ८० गुणांचं. पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३. पुरुषाने १७ मिनिटांच्या आत संपवलं तर पैकीच्या पैकी, महिलेने १२ मिनिटांच्या आत. पुढे मिनिटागणिक गुण उतरतात. १७ मिनिटं म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या, प्रत्येक फेरी ८१ सेकंदांच्या आसपास, आणि ती बाराव्या फेरीलाही तेवढीच. महिलांना साडेसात फेऱ्या, फेरीला ९६ सेकंद. रोज पाच किलोमीटर पळून वेळ सुधारत नाही. आठवड्यातून दोनदा छोट्या फेऱ्या जोरात मारा, एकदा लांब आणि सावकाश पळा, एक दिवस झोपा. डांबरी रस्त्यावर पळून नडगी दुखवून घेणारे दर भरतीत दिसतात, मातीवर पळा. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. तिकडच्या पोरांशी पळण्यात बरोबरी करायची तर सहा महिने आधीच सुरुवात हवी, जाहिरात आल्यावर नाही.

आणि याच सहा महिन्यांत चालायचंही. पळणाऱ्याला चालणं आपोआप येतं असं मला वाटायचं. येत नाही. पळणं वीस मिनिटांत संपतं, बुटात काही टोचलं तरी दामटून नेता येतं. चालणं चार तास चालतं आणि जे टोचतं ते चार तास टोचतं. २५ किलोमीटर चार तासांत म्हणजे ताशी सव्वासहा, किलोमीटरला साडेनऊ मिनिटं. आपण बाजारात चालतो तो वेग ताशी चार-साडेचार. जरा भराभर चालणारा पाचला पोचतो, आणि ताशी पाचने २५ ला पाच तास लागतात. म्हणजे सहज चाललात तर एक तास उशीर. हे गणित कागदावर मांडून पाहिलं असतं तरी माझे डोळे उघडले असते.

तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करता ना, मग चालायची सवय आहेच, असं मला घरचेही म्हणाले होते. फेरीत आपण रात्री निघतो, गप्पा मारतो, वाटेत खिचडी खातो, पाऊस अंगावर घेतो. घड्याळ कोणी बघत नाही. चाचणीत दर किलोमीटरला घड्याळ बघायचं असतं, एकट्याने, डांबरावर, उन्हात. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीत चाललेले असाल तर पाय तयार असतील, वेग तयार नसतो.

सराव असा करा. रविवारी पहाटे त्र्यंबक रस्त्याला लागा, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने. पहिल्यांदा आठ किलोमीटर, तेही वेळ लावून. मग बारा, सोळा, वीस. अंजनेरी फाटा शहरातून वीसच्या आसपास पडतो, त्र्यंबक २८ च्या. परतीला सिटीलिंकची शहर बस आहे, एसटी आहे. चाचणीआधी किमान एकदा पूर्ण २५ वेळेत झाले पाहिजेत. एकदा तरी. पहिल्या दोन तासांत १३ उरकले की मागे १२ राहतात आणि शेवटच्या तासात पाय जड झाले तरी सावरता येतं. सुरुवातीला दमानं घेऊ, नंतर भरून काढू, हे कोणालाच जमत नाही. अठराव्या किलोमीटरनंतर माणसाला वेग वाढवता येत नाही, फक्त टिकवता येतो. पावलं लांब टाकू नका, लहान आणि भराभर टाका, हात कोपरात वाकवून हलवा. लोक हसतात. हसू द्या.

बूट. पळायचे आणि चालायचे वेगळे ठेवा, आणि चालायचे अर्धा नंबर मोठे घ्या, कारण दोन तासांनी पाय सुजतो. नवे कोरे बूट त्या दिवशी घालणाऱ्याला मी काही सांगणार नाही. मोज्याची शिवण करंगळीखाली येते का ते बघा. माझी येत होती. अकराव्या-बाराव्या किलोमीटरला तिथे नुसतं गरम लागायला लागलं, सोळाव्याला पाणी भरलं, आणि त्यानंतर करंगळी वाचवायला मी पाऊल आतल्या कडेवर टाकत गेलो, तर गुडघा धरला. एवढ्याशा शिवणीने वेग ताशी चारवर आला. गरम लागलं की तिथेच थांबा, मोजा काढा, चिकटपट्टी लावा. त्यात दोन मिनिटं जातात, न थांबण्यात नोकरी जाते. बोटांना आणि मांड्यांना आधीच व्हॅसलीन. सुती मोजे घामाने भिजून राहतात, ते नकोत. टोपी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, खिशात खजूर किंवा शेंगदाण्याची चिक्की. जे खाणार ते सरावातही खाऊन बघितलेलं असावं. चक्कर आली, छातीत दुखलं, अंगावर काटा येऊन घाम थांबला, तर तिथल्या डॉक्टरला हाक मारा, मर्दुमकी दाखवू नका.

मुलींना १६ किलोमीटर म्हणजे ताशी चार, वेळ मोकळा वाटतो. वाटू दे. बारा-चौदा सलग चालून बघितल्याशिवाय जाऊ नका, फोड मुलींच्या पायालाही येतात. पाळीची तारीख धरून तयारी ठेवा आणि सकाळी निघतानाच स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून घ्या.

बाकीचं पटापट. लेखी आणि मैदान यांत कित्येक महिने जातात, त्यात वजन वाढवू नका. संकेतस्थळ दर दोन दिवसांनी बघा, फक्त मोबाइलवर येणाऱ्या निरोपावर राहू नका. प्रवेशपत्राच्या तीन प्रती, मूळ कागद एका फाइलमध्ये, साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच, पासपोर्ट फोटो, निळा आणि काळा पेन. मैदानावर पहाटे बोलावतात, बाहेरगावचे असाल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे या, स्टँडवर झोपू नका. वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होतेच. गुन्हा नोंद असेल तर लपवू नका. पैसे देऊन काम करून देतो म्हणणारा भेटेल, फोन ठेवा. चालायच्या चाचणीआधी तीन-चार दिवस नखं कापा, आदल्या रात्री नको, कोपरा ठणकतो. त्या आठवड्यात पळणं बंद, रोज तासभर चाला, त्याच बुटांत, त्याच मोज्यांत.