एटीव्हीचा स्पार्क गेला? सीडीआयला हात लावण्याआधी या चुका टाळा

नागाव आणि काशीदच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी बाइक, पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून असतात आणि दिवाळीच्या तोंडावर बाहेर निघतात. त्या दिवसांत माझ्याकडे येणारी तक्रार ठरलेली असते: सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. तक्रारीसोबत मालकाच्या हातात नव्या सीडीआयचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा, खोकाही बहुधा असतोच.

अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे, ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. सीडीआय हा रसायनाने बंद केलेला डबा असल्यामुळे तो साध्या मल्टिमीटरने नीट तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याच्यावर दोष ढकलणे सोपे असते. प्रत्यक्षात खारी हवा आधी खाते ते कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड), स्विच आणि अर्थिंग.

दोन वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाची १२५ सीसीची एटीव्ही माझ्याकडे आली. ती फेरीच्या टोकाला, नेमकी परत वळताना बंद पडत असे आणि ढकलून सरळ केली की काही झालेच नाही अशा थाटात चालू होत असे. आधीच्या मेकॅनिकने प्लग, इग्निशन कॉइल आणि दोन सीडीआय बदलून झाल्यावर कार्बोरेटरमध्ये वाळू गेल्याचे निदान केले होते. मी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल उजवीकडे टोकापर्यंत नेले, तेव्हा इंजिन चालू राहिले. डावीकडे नेताच ते क्षणात गप्प झाले. हँडलच्या दांड्याजवळ वायरिंग प्लास्टिकच्या पट्टीने इतके आवळलेले होते की किल स्विचच्या (इंजिन बंद करण्याच्या बटणाच्या) वायरचे आवरण घासून तांदळाच्या दाण्याएवढे तांबे उघडे पडले होते, आणि डाव्या वळणावर ते चॅसीला टेकत होते. एसी प्रकारच्या, म्हणजे बॅटरीऐवजी इंजिनमधल्या कॉइलच्या विजेवर चालणाऱ्या, सीडीआयमध्ये ही वायर अर्थला टेकली की स्पार्क बंद होतो, म्हणजे सीडीआय बिचारा सांगितलेले काम चोख करत होता. एक स्लीव्ह घातली, पट्टी सैल केली आणि पिशवीतून आणलेला मूळचा सीडीआय परत बसवला. गाडी आजही त्याच्यावरच चालते.

तेव्हापासून स्पार्क नसलेल्या अशा गाडीवर मी पहिल्यांदा किल स्विचची वायर सीडीआयच्या कपलरपाशी सुटी करतो. अनेक चिनी बनावटीच्या गाड्यांत ती काळी-पांढरी असते, तरी रंगावर विसंबू नये. स्पार्क परत आला, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. मात्र वायर सुटी असताना इंजिन चावीने बंद होणार नाही, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि चोक ओढून इंजिन बंद करण्याची तयारी ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे हेडलाइट लागतो म्हणून बॅटरी चांगली समजणे. नुसती पडून असताना १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ९ व्होल्टच्या खाली कोसळू शकते, आणि डीसी, म्हणजे बॅटरीवर चालणारा, सीडीआय असलेल्या गाडीत तेवढ्यावर स्पार्क दुबळा होतो किंवा येतच नाही. मी आणखी एक तपासणी चुकवत नाही: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थचा बोल्ट काढून रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि शिकाऊ मुले ते नेमके टाळतात.

प्लग हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये. प्लगचा धातू इंजिनला घट्ट टेकलेला आणि प्लगच्या भोकापासून दूर असावा. नाहीतर विजेचा दाब बाहेर पडायला वाट न मिळालेला सीडीआय किंवा कॉइल खरोखरच जळू शकते, आणि भोकातून उडणारे पेट्रोलचे तुषार पेटू शकतात.

सेल्फ अजिबात फिरत नसेल, तर सेल्फला वीज जोडणारा रिले मागवण्याआधी ब्रेक दाबून पाहावा, कारण अनेक एटीव्हींमध्ये ब्रेकच्या स्विचमधून परवानगी मिळाल्याशिवाय सेल्फ चालत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्यांना मी नवे वायरिंग विकतो, तेही सवलत न देता.

प्रेशरच्या पाण्याने गाडी धुताना फवारा सीटखालच्या कपलरवर मारू नये. आत हिरवा थर दिसला, तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश पुरतो. त्यानंतर मादी टर्मिनल सुईने किंचित आवळून कपलर ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत बसवावा.