स्ट्रिपच्या मागचं बारीक नाव

भारतातून नवीन मंडळी परदेशात आली की महिन्याभरात आमच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला: "ताई, क्रोसिनला इकडे काय म्हणतात?" बँक, घर, फोन यांवर सांगणारे शंभर जण आहेत, ते त्यांच्याकडून घ्या. मी फक्त बॅगेतल्या औषधांच्या डब्याबद्दल सांगते. तीन वर्षं अमेरिकेत आणि पुढची सगळी जर्मनीत काढली, आणि सगळ्यात महाग चूक मी या डब्यापायीच केली.

अमेरिकेतला पहिलाच हिवाळा. सणकून ताप. आईनं भरून दिलेल्या ६५० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या, म्हणजे क्रोसिनसारख्या, गोळ्या दिवसाला पाच घेत होते. नाक बंद म्हणून तिथल्या दुकानातून सर्दीच्या कॅप्सूल आणल्या, दोन-दोन करून दिवसातून चार वेळा. खोक्यावर 'अ‍ॅसिटामिनोफेन ३२५' असं छापलं होतं. मला वाटलं, असेल काहीतरी सर्दीचं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण मळमळ थांबेना. इमर्जन्सीत नर्सनं विचारलं, काय काय घेतलंस? मी पिशवी टेबलावर उलटी केली. तिनं माझी स्ट्रिप उलटून मागचं बारीक नाव वाचलं, खोकं शेजारी ठेवलं आणि त्याच खोक्याच्या पाठीवर पेनानं बेरीज मांडली: ३२५० अधिक २६००. एकूण ५८५०. मग ४००० लिहून त्याभोवती गोल काढला. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ती.

पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिटामिनोफेन हे एकच औषध आहे. अमेरिका, कॅनडा, जपान इथे दुसरं नाव चालतं, बाकी बहुतेक जगात पहिलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे चढलेले निघाले. २१ तास एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचं सलाइन लागलं. बिल पुढे कित्येक महिने हप्त्यांनी फेडत होते. गंमत म्हणजे जर्मनीत आल्यावर खोकल्यासाठी औषधाच्या दुकानात गेले, तर बाईंनी चिठ्ठीबिठ्ठी न मागता पाण्यात टाकायच्या फसफसत्या गोळ्या हातात ठेवल्या. नाव वाचलं: अ‍ॅसिटिलसिस्टीन! तिकडे ज्यानं माझं यकृत वाचवलं, ते इकडे कफ पातळ करायला सर्रास विकतात. तेव्हापासून मी मागचं नाव वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकत नाही.

ब्रँडच्या नावावर तर मुळीच जाऊ नका. अमेरिकेत फ्लोमॅक्स म्हणजे प्रोस्टेटच्या त्रासावरचं टॅम्सुलोसिन. इटलीत याच नावाखाली मॉर्निफ्लुमेट मिळतं, ते सूज-दुखण्यावरचं औषध. डिलाकोर नावानं अमेरिकेत डिल्टियाझेम विकलं जायचं, सर्बियात डिगॉक्सिन. दोन्ही हृदयाशी निगडित, पण एकाच्या जागी दुसरं घेतलं तर जिवाशी खेळ. त्यामुळे विमानात बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे, आतल्या औषधाचं) आणि मिलिग्रॅम कागदावर लिहा. "ती पांढरी, बीपीची, छोटी" हे इथे कोणालाही कळत नाही. दमेकऱ्यांनी लक्षात ठेवा: साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. आणि जोराच्या अ‍ॅलर्जीवर देतात त्या अ‍ॅड्रेनलीनचं एपिनेफ्रिन.

आता पित्ताची कॅप्सूल. पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली ती कॅप्सूल आपली माणसं महिनोन् महिने सकाळी उपाशीपोटी घेतात, कोणी सुरू केली तेही आठवत नाही. यातलं डॉम्पेरिडोन अमेरिकेत कुठल्याच आजारासाठी मंजूर नाही. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ते घेऊ नका, असा इशारा तिथल्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २००४ साली दिला. युरोपनं २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि साधारण आठवडाभरापुरता आवळला. कारण एकच, हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती. मी हे सांगितलं की लोक चिडतात. "आम्ही दहा वर्षं घेतोय, काही झालं नाही." बरं, नाही झालं. पण इथला डॉक्टर ती लिहून देणार नाही, तेव्हा सुटकेसमध्ये वर्षाचा साठा कोंबण्यापेक्षा निघण्याआधीच आपल्या डॉक्टरला विचारा की यातला कुठला अर्धा भाग मला खरंच लागतो.

ताप-दुखण्यावरच्या निमेसुलाइडचंही तेच. अमेरिकेत ते कधी बाजारात आलंच नाही, फिनलंड-स्पेननं २००२ मध्ये आणि आयर्लंडनं २००७ मध्ये यकृताला इजा होते म्हणून थांबवलं. भारतात १२ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला २०११ पासून बंदी आहे, तरी मुलाच्या तापासाठी ते घेऊन आलेले आईबाप मी पाहिलेत.

पण इथले नियम म्हणजे शहाणपणाचा कळस, असंही समजू नका. जर्मनीत ऑपरेशननंतर मला दुखण्यावर नोव्हाल्जिन दिलं. म्हणजे मेटामिझॉल, म्हणजेच आपलं जुनं अ‍ॅनाल्जिन. अमेरिकेनं ते १९७७ मध्ये बाजारातून काढलं. स्वीडननं तर काढलं, परत आणलं आणि १९९९ मध्ये पुन्हा काढलं. जर्मनीत ते चिठ्ठीवर मिळतं, ब्राझीलमध्ये चिठ्ठीशिवाय. क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यानं एकदम कोसळतात. ते घेत असताना ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले, तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठा. मला हे कोणी आपणहून सांगितलं नाही, खोक्यातल्या घडीच्या कागदावर वाचलं. तो कागद फेकू नका. भाषा येत नसेल तर फोननं भाषांतर करा.

बायकांसाठी एक. आठवड्याला एक घ्यायची गर्भनिरोधक गोळी, 'सहेली' किंवा सरकारी 'छाया', म्हणजे ऑर्मेलॉक्सिफेन. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. ती युरोप-अमेरिकेत मिळत नाही आणि इथल्या बहुतेक डॉक्टरांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. पाकीट संपल्यावर धावाधाव करण्यापेक्षा निघण्याआधी पुढचा पर्याय ठरवा. "आई पोस्टानं पाठवेल" हे जर्मनीत चालत नाही. युरोपीय संघाबाहेरून खासगी माणसाला औषधांचं पार्सल मागवता येत नाही, कस्टम्स अडवतं. स्वतःबरोबर आणायला हरकत नाही, साधारण तीन महिन्यांपुरतं.

जपानला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्यांतही स्यूडोएफेड्रिन (नाक मोकळं करणारं औषध) किती आहे ते पाहा. १० टक्क्यांहून जास्त असेल तर बंदी आहे. एडीएचडीवरची (लक्ष न टिकण्याच्या विकारावरची) अँफेटामीनची औषधं तर चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. अमिरातीत कोडीन-ट्रॅमाडॉल या जोरदार वेदनाशामकांसाठी आधी परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून कोडीन चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

ग्रुपवर कोणाकडे अँटिबायोटिक मागू नका. "कोणाकडे अझिथ्रो आहे का?" याला मी उत्तर देत नाही, कितीही वाईट वाटलं तरी.

आई-बाबा भेटीला येणार असतील तर ते चक्करेच्या गोळ्या घेतात का, ते विचारा. त्यातलं बीटाहिस्टीन जर्मनीत चिठ्ठीवर सहज मिळतं. अमेरिकेत ते मंजूर औषधच नाही. अमेरिकेत जाणार असतील तर पूर्ण मुक्कामाला पुरेल एवढं, मूळ पाकिटात, मूळ नाव लिहिलेल्या डॉक्टरच्या पत्रासह आणायला सांगा. गोळ्या कापून एकाच डबीत भरून आणू नका. माझ्या सासऱ्यांनी तशा आणल्या होत्या, आणि त्यातल्या दोन अजून ओळखू आलेल्या नाहीत.