रेव्हिट: भिंत हलवली की एक्स्ट्रूजन रूफही सरकतं

रेव्हिट या इमारतींच्या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गेबलची (उतरत्या छपराच्या टोकाची त्रिकोणी) भिंत मागेपुढे केली की पोर्चचं एक्स्ट्रूजन रूफ, म्हणजे बाजूचा आकार काढून तो लांबवून केलेलं छप्परही, तिच्यासोबत सरकायचं. एक्स्ट्रूजन एंडचे (छप्पर कुठे संपतं त्याचे) आकडे बदलले, छप्पर पुसून त्याच भिंतीवर पुन्हा काढलं. उपयोग झाला नाही. अक्षरशः डोकं उठलं होतं. कारण होतं वर्क प्लेन, म्हणजे ज्या सपाटीवर आकार काढला जातो ती: छप्पर भिंतीच्या पृष्ठभागालाच बांधलेलं होतं.

प्लॅन व्ह्यूमध्ये आरपी (RP) टाइप करून भिंतीला समांतर रेफरन्स प्लेन (आधारासाठीची काल्पनिक सपाटी) काढा. समांतरच हवा, तिरका चालत नाही. तो निवडून प्रॉपर्टीजमध्ये नाव द्या, उदा. ‘पोर्च-रूफ’; बिननावाचा प्लेन यादीत येत नाही. मग छप्पर निवडा, एडिट वर्क प्लेन, नेम, यादीतून ‘पोर्च-रूफ’, ओके. एक्स्ट्रूजन स्टार्ट आणि एंड पुन्हा भरा, कारण मापं आता नव्या प्लेनपासून मोजली जातात. प्लेन पिन करून (जागेवर लॉक करून) ठेवा.