बंद खाणीचे आम्लयुक्त पाणी शुद्ध करताना या चुका टाळा

खाण बंद झाली म्हणजे प्रदूषणही थांबले, असे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे व्हील जेन ही कथिलाची खाण 1991 मध्ये बंद झाली, पंप थांबले, भुयारांतील पाणी चढत गेले आणि जानेवारी 1992 मध्ये जस्त, कॅडमियम व आर्सेनिक असलेले कोट्यवधी लिटर पाणी कार्नन नदीत शिरले. हवा आणि पाणी मिळत राहिले, तर खडकातील पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजापासून आम्ल तयार होणे खाण बंद झाल्यावरही दशकानुदशके चालू राहते.

केवळ सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे याचा अंक; 7 च्या खाली आम्लधर्मी) पाहून उपचार ठरवणे ही दुसरी चूक, आणि माझ्या मते बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. खाणीच्या तोंडाशी सामू 6 भरला, तरी पाण्यात विरघळलेले फेरस लोह असते; पुढे हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल सुटते आणि तेच पाणी काही अंतरावर 4 च्या खाली घसरू शकते. म्हणून एकूण आम्लता, अल्कता (आम्ल शमवण्याची पाण्याची क्षमता), लोह, ॲल्युमिनियम, मँगॅनीज आणि प्रवाह हे सारे मोजलेच पाहिजे. सामू जागेवरच मोजावा, कारण नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीच्या तळाशी गेरूसारखा साका बसलेला असतो. विरघळलेल्या धातूंसाठीचा नमुना तिथेच गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालावे. एकट्या उन्हाळ्यातील नमुन्यावरही विसंबू नये, कारण ढिगाऱ्यांवर वाळलेले क्षार पहिल्या पावसात विरघळून आम्लतेचा मोठा लोंढा येतो.

चुनखडी टाकली की काम झाले, हाही गैरसमजच. हवेशीर पाण्यात तिच्यावर लोहाचा थर चढतो आणि दगड असूनही आम्ल कमी होत नाही. मातीखाली झाकलेला, हवाबंद चुनखडीचा चर उपयोगी पडतो, पण त्यात येणाऱ्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, फेरिक लोह (ऑक्सिडीकरण झालेले लोह) आणि ॲल्युमिनियम ही तिन्ही लिटरमागे साधारण 1 मिलिग्रॅमच्या आत असावी लागतात. नाहीतर चर तुंबतो. मँगॅनीज रासायनिक पद्धतीने काढायचे, तर सामू 9 च्याही वर न्यावा लागतो. चुनखडी तिथवर पोहोचत नाही आणि चुना वापरून सामू तितका चढवला, तर आधी खाली बसलेले ॲल्युमिनियम पुन्हा विरघळू लागते. म्हणून ॲल्युमिनियम आधीच्या टप्प्यात वेगळे काढावे.

एका ठिकाणचा उपाय दुसरीकडे जसाच्या तसा उचलू नये. मेघालयातील जैंतिया टेकड्यांच्या कोळशात गंधक भरपूर असल्याने तिथे प्रश्न आम्लाचा आहे. गोव्यातील लोहखनिज मुख्यतः ऑक्साइड स्वरूपाचे असल्याने तिथे लाल गाळ ही मोठी तक्रार आहे आणि आधी गाळ बसवणाऱ्या तळ्यांकडेच पाहावे लागते.

शेवटी उरतो तो साका. पाण्यातून काढलेले धातू त्यातच साठलेले असतात, म्हणून तो उपसणे, सुकवणे आणि सुरक्षित ठेवणे यांसाठी जागा आणि दरवर्षीचा खर्च प्रकल्प मंजूर होतानाच लेखी नोंदवून घ्यावा.