जुन्या कबचं फ्युएल मोजायचंय? मग आधी घड्याळ कुठलं ते ठरवा

टेलव्हील एंडॉर्समेंटसाठी (शेपटीखाली चाक असलेलं विमान उडवायची परवानगी) किंवा नुसते तास वाढवायला अमेरिकेत आलेली आपली पोरं पाइपर जे-३ कबमध्ये बसली की पहिला प्रश्न ठरलेला, फ्युएल गेज कुठाय? अरे समोरच आहे की. विंडशील्डच्या पुढे टाकीच्या झाकणातून जी तार वर आलीय ना, तेच गेज. खाली टोकाला कॉर्क, तो एव्हगॅसवर, म्हणजे विमानाच्या पेट्रोलवर, तरंगतो, फ्युएल संपत जाईल तशी तार खाली जाते, बास. ही विमानं १९३८ ते १९४७ मधली, १२ यूएस गॅलनची एकच टाकी (४५ लिटरच्या आसपास), बहुतेकांत ६५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन आणि इलेक्ट्रिकल सिस्टीम नावाचा प्रकारच नाही. ग्लास कॉकपिटवर (सगळं स्क्रीनवर दिसणाऱ्या विमानात) शिकून आलेल्याला हे बघून हसू येतं, मलाही आलं होतं.

तारेबद्दल एकच सांगते. कॉर्क जुना होऊन एव्हगॅस पिऊन जड झाला तर तार खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवते, म्हणजे तुम्ही उगाच लवकर उतराल, काही बिघडत नाही. पण तार झाकणाच्या भोकात अडकली तर ती मजेत वरच उभी राहते आणि टाकी भरलेली वाटत राहते. हे वाईट. हवेत तार थोडी थोडी नाचत असेल तर खूश व्हा, अजिबात हलत नसेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आणि शेपूट खाली टेकवून उभं असताना दिसलेलं रीडिंग आणि लेव्हल फ्लाइटमधलं रीडिंग एकच येईल असं धरून चालू नका.

म्हणून बर्न, म्हणजे तासाला किती फ्युएल जळतं ते, स्वतः मोजायचं. कुणालाही विचारा, कब किती खाते, उत्तर एकच, "तासाला चार". हँगरमधल्या खुर्चीत बसून सगळेच चार सांगतात. तुमच्या विमानाचं इंजिन, प्रॉप आणि कार्ब्युरेटर यांना ते चार माहीत नसतं.

आता ज्यात मी अडकले ते, आणि हे मी जरा लांबवणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. पद्धत सगळ्यांना माहीत असते, टाकी फुल करा, उडा, परत फुल करा, पंपावर जेवढे गॅलन आले त्याला तासांनी भागा. भागाकार चौथीतला. पण तास कुठले? मी सर्किट्स (धावपट्टीभोवती चक्कर मारून पुन्हा पुन्हा उतरणं) मारून आलेला आकडा घेतला होता. सर्किटमध्ये काय होतं, टॅक्सी करताना इंजिन आयडलवर, डाउनविंडनंतर (धावपट्टीला समांतर उलट उडायचा टप्पा) पॉवर कमी, फायनलला (उतरण्याआधीचा सरळ टप्पा) जवळजवळ ग्लाइड, म्हणजे घड्याळाच्या एका तासात इंजिन खरं काम कमीच वेळ करतं. समजा असा आकडा आला ३.६ गॅलन. १२ भागिले ३.६, तीन तास वीस मिनिटं, वा! मग तोच आकडा घेऊन क्रॉस कंट्री प्लॅन केली, २१५० आरपीएमवर सलग क्रूझ, आणि तिथे खरा बर्न ४.४. आता १२ भागिले ४.४ करा. दोन तास चव्वेचाळीस मिनिटं. फरक ३६ मिनिटांचा. अमेरिकेत दिवसा व्हीएफआरला (बाहेर बघून उडायचे नियम) कायद्याने ३० मिनिटांचं रिझर्व्ह लागतं, म्हणजे तुमचं अख्खं रिझर्व्ह कागदावरच संपलं आणि वर सहा मिनिटं उधारी. मला हे हवेत नाही, जमिनीवर पंपाजवळ पावती बघताना कळलं, तेवढं नशीब.

याचाच दुसरा अवतार म्हणजे टॅक, म्हणजे टॅकोमीटर, इंजिनचे आरपीएम दाखवणारं मीटर. जुन्या मेकॅनिकल टॅकोमीटरवरचा तासांचा काउंटर हे घड्याळ नाही, तो प्रॉपचे फेरे मोजतो आणि ठरावीक क्रूझ आरपीएमलाच त्याचा तास खरा तास असतो. टॅक २३०० ला सेट असेल आणि तुम्ही २१५० वर उडताय तर टॅकचा एक तास म्हणजे घड्याळाची ६४ मिनिटं, सर्किट्समध्ये तर अजून जास्त. त्यामुळे बर्न घड्याळाने मोजला आणि "भरल्यापासून टॅक एकच तास झालाय" म्हणून निवांत बसलात तर गेलात. दोन्हीकडे एकच घड्याळ वापरा. मी मनगटावरचं वापरते. शिवाय जुना टॅक आरपीएमसुद्धा चुकीचा दाखवू शकतो, ऑप्टिकल टॅकने (प्रॉपचे फेरे प्रकाशाने मोजणारं यंत्र) एकदा तपासून घ्या, नाहीतर तुमचं २१५० हे दुसऱ्या कुणाचं तरी २२५० असायचं.

मग नुसता क्रूझ बर्न कसा काढायचा? दोन फ्लाइट करा. पहिली छोटी, स्टार्ट, टॅक्सी, ठरलेल्या उंचीपर्यंत क्लाइंब, लगेच खाली, लँड, टाकी फुल. दुसरी अगदी तशीच, फक्त मध्ये एक तास सलग क्रूझ. समजा पहिलीला १.७ गॅलन लागले आणि दुसरीला ६.१, तर वजाबाकी करा, ४.४, हा त्या तासाचा क्रूझ बर्न. टॅक्सी, क्लाइंब सगळं आपोआप कटलं. दोन्ही फ्लाइट एकाच सकाळी, एकाच वजनाने करा, आणि क्रूझमध्ये थ्रॉटलशी खेळू नका. कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ नये म्हणून सोडायची गरम हवा) ऑन केली असेल तर तेही लिहा, कारण मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल जास्त जातं.

"फुल" म्हणजे दर वेळी तेवढंच फुल, ही दुसरी भानगड. एप्रनला उतार असतो, म्हणून चाकांच्या जागी खडूने खुणा करा, विमान त्याच तोंडाने उभं करा, फिलर नेकमध्ये एकच खूण ठरवा आणि फेस बसू द्या. तापमान २० डिग्री सेल्सियसने बदललं तर १२ गॅलनमध्ये पाव गॅलनचा फरक पडतो, त्यामुळे दुपारी उन्हात काठोकाठ भरून संध्याकाळचं रीडिंग जुळवत बसू नका. बाँडिंग वायर (स्टॅटिकची ठिणगी पडू नये म्हणून विमानाला जोडायची तार) लावल्याशिवाय नोझल उचलायचं नाही, हे मी सांगायला नको.

फोनमधली अ‍ॅप्स? ती वेळ मोजतात, फ्युएल नाही. फ्लो मीटर बसवू का, असंही विचारतात. कबमध्ये फ्युएल नुसतं ग्रॅव्हिटीने खाली येतं, त्या लाइनमध्ये मनाने काहीही घुसवायचं नाही, सर्टिफाइड विमान आहे, कागदपत्रं लागतात. माझं मत विचाराल तर घाईघाईत तास वाढवणाऱ्या इन्स्ट्रक्टरपेक्षा हाताला ग्रीस लागलेला म्हातारा मेकॅनिक गाठा, तो चिडचिड करेल पण खरं सांगेल. मला वजाबाकीची ही युक्ती अशाच एकाने सांगितली, तीही मी बर्न विचारल्यावर "वही आण" म्हणून हाकलल्यावर.

घाबरू मात्र नका. दोन रीडिंगमध्ये ०.२ गॅलनचा फरक येणारच, तेवढं चालतं, प्लॅनिंगला जास्तीचा आकडा घ्या. लिटर आणि गॅलनची गल्लत तेवढी टाळा, यूएस गॅलन ३.७८५ लिटरचा आणि इंपीरियल ४.५४६ चा. १९८३ मध्ये एअर कॅनडाचं ७६७ पाउंड आणि किलोच्या गोंधळात हवेत कोरडं पडलं होतं, आणि तिथे तर अनुभवी लोक होते.

वही चालू ठेवाल तर अजून एक फायदा होतो. आरपीएम तेच, हवा तशीच आणि बर्न अचानक अर्ध्या गॅलनने वाढला तर आधी प्रायमर (स्टार्टच्या वेळी इंजिनात फ्युएल ढकलणारा हातपंप) नीट लॉक झालाय का बघा, तो उघडा राहिला की इंजिन त्यातून फुकटचं पेट्रोल ओढत राहतं. तो ठीक असेल तर कार्ब्युरेटरचा फ्लोट आणि गळती, आणि तिथून पुढे तुमचं काम नाही, मेकॅनिकला वही दाखवा.